अडलं तर फोन करा

माझी आणि अण्णा वडनेऱ्यांची ओळख भांडणातून झाली, आणि भांडण फोनवर झालं.

मी तेव्हा इंदिरानगरच्या एका शाळेत नुकतीच गणिताची बाई म्हणून लागले होते. सहावीच्या वर्गाला 'उजळणी प्रकाशना'चं सरावपुस्तक लावलेलं होतं. पिवळं कव्हर, कागद बरा, गणितं तर फारच चांगली. पण मागे उत्तरं नाहीत. उत्तरांच्या जागी शेवटच्या पानावर एक फोन नंबर आणि वर एकच ओळ: 'अडलं तर फोन करा. सायंकाळी सहा ते आठ.' मला वाटलं, असतो एकेका प्रकाशकाचा आगाऊपणा. पण त्यातलं डाळिंबांचं एक गणित काही केल्या सुटेना, आणि दुसऱ्या दिवशी मला वर्गापुढे उभं राहायचं होतं. शेवटी मी तो नंबर फिरवला.

"बोल बाळ," पलीकडून आवाज आला. मागे कुणीतरी मेथीच्या जुड्यांचा भाव ओरडत होतं.

"मी बाळ नाही. शिक्षिका आहे. तुमच्या पुस्तकातलं डाळिंबांचं गणित चुकलेलं आहे."

"असं का? वा, वा. कुठवर आलात?"

"कुठवर म्हणजे? घरीच आहे मी!"

"तसं नाही हो बाई. गणितात कुठवर आलात?"

माझा पारा चढला. तरी सांगत गेले. टोपलीतली एक तृतीयांश डाळिंबं ताईला दिली. दोन तृतीयांश दादाला दिली. टोपलीत चार उरली. तर मुळात किती होती? "अहो, एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश मिळून सगळी टोपली झाली ना? मग ही चार आली कुठून?"

मेथीवाला तेवढा ओरडत राहिला. मग तो माणूस असा काही आनंदला, जणू त्याला मुलगा झाल्याची बातमी मी दिली असावी. "सापडली! बाई, चूक आमची! 'उरलेल्यांपैकी' दोन तृतीयांश पाहिजे तिथं. शब्दच गळालाय. कोणती शाळा तुमची?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते स्कूटरवरून शाळेत हजर झाले. उंच, काटकुळे, पांढरा हाफशर्ट, कानावर पेन्सिल आणि हातात पेढ्यांचा पुडा. मागे नुकतीच मिसरूड फुटलेला एक मुलगा मान खाली घालून उभा होता. "हा आमचा शैलेश. तुमचं गणित ह्याच्या वाट्याचं होतं. पठ्ठ्यानं न सोडवताच बरोबरची खूण केली. शैलेश, बाईंना नमस्कार कर. ह्यांनी आपली अब्रू वाचवली." शैलेशनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मनात म्हणत होता, ह्या बाईची बदली गडचिरोलीला झाली तर फार बरं होईल. पेढे खाऊन होईपर्यंत अण्णांनी मला त्यांच्यासाठी गणितं लिहायला कबूल करून घेतलं होतं. ते काम मी आजपर्यंत करते आहे.

'वाट्याचं गणित' हा काय प्रकार असतो, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. पंचवटीत भाजीबाजाराला लागून त्यांची दुमजली इमारत. खाली गोदाम आणि बाइंडिंग, वर बिऱ्हाड. जिन्यातून वर जाताना आधी खळीचा वास यायचा, मग फोडणीचा. प्रकाशनाचा कायदा एकच होता: घरातल्या कुणीतरी स्वतः सोडवल्याशिवाय एकही गणित छापायचं नाही. प्रुफं लोणच्याच्या बरणीशेजारी पडलेली असत. समासात बरोबरची खूण आणि सोडवणाऱ्याचं आद्याक्षर. पाव्हणेरावळेही सुटत नसत. बाजारहाटाची सगळी गणितं अण्णांच्या बायकोच्या, नलूकाकूंच्या वाट्याला. कारण त्यांना भाव ठाऊक. एकदा माझं एक गणित त्यांनी परत पाठवलं. म्हणाल्या, "उत्तर येतंय हो बरोबर. पण ह्या भावात मेथी कुठं मिळते तेवढं सांगा, पिशवी घेऊन निघते मी."

शैलेशच्या लग्नाची गोष्ट तर मी अजून पोट धरून सांगते. मुलगी बघायला सगळे सिन्नरला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि अण्णांनी खिशातून प्रुफाची घडी काढली. नलूकाकूंनी कपाळावर हात मारला. "सहज हो," अण्णा मुलीला म्हणाले, "एवढं जरा बघता का?" गणित नेहमीचंच, नळ आणि टाकीचं. वरून नळ टाकी भरतो, खालच्या भोकातून पाणी गळतं, तर टाकी भरायला किती वेळ लागेल. मुलीनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि सरळ विचारलं, "टाकी गळतेय हे माहीत असताना नळ कशाला सोडायचा? आधी भोक बुजवा ना." मुलीचा बाप पांढरा पडला. अण्णा ताडकन उठले आणि म्हणाले, "आमच्याकडून होकार!" शैलेशचं मत नंतर विचारलं गेलं. नशिबानं तेही तेच निघालं. मंजिरी अशी त्या घरात आली, आणि ते गणित पुस्तकातून गेलं. "मुलगी बरोबर बोलली," अण्णा म्हणत, "पाणी वाया घालवायला शिकवणारी गणितं आपण का छापायची?"

आता उत्तरं का छापत नाहीत, ते सांगायला हवं. त्यातच ह्या घराण्याचा सगळा इतिहास आला.

अण्णांचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. वर्गातल्या मुलांकडे पाढ्यांचं पुस्तक नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतः पाढे लिहून छापून आणले. त्या चोपडीला लोक उजळणी म्हणत, म्हणून प्रकाशनाचं नाव उजळणी. पुढे मास्तरकी सोडून ते पूर्णवेळ प्रकाशक झाले आणि शिष्यवृत्ती परीक्षेचं सरावपुस्तक त्यांनी काढलं. त्यात मागे रीतसर उत्तरं होती. अण्णा त्या वर्षी स्वतःच परीक्षेला बसले होते. बापाचं पुस्तक, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक घरातलंच.

"एका गणिताचं उत्तर माझं पासष्ट आलं," अण्णा सांगत. ही गोष्ट सांगताना ते नेहमी पेन्सिल कानावरून काढून हातात घेत. "मागे बघितलं तर छप्पन्न. पुन्हा केलं. पुन्हा पासष्ट. पण छापलंय छप्पन्न, आणि छापलंय कुणी? तर आमच्या बाबांनी. मग मी पासष्ट खोडलं आणि छप्पन्न पाठ केलं. अन् नशीब बघा बाई, परीक्षेत नेमकं तेच गणित! मी मोठ्या रुबाबात छप्पन्न लिहून आलो. घरी बाबांनी विचारलं, किती आलं? म्हटलं, छप्पन्न. ते म्हणाले, अरे गाढवा, पासष्ट! मी पुस्तक आणून दाखवलं."

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना सहा आणि पाच यांची अदलाबदल झाली होती. बापानं पोराला मारलं नाही. त्या पानाकडे बघत ते म्हणाले, "तुझं बरोबर होतं रे. मी तुझ्या डोक्यातून काढून घेतलं." पुढच्या आवृत्तीपासून उत्तरं गेली ती गेलीच.

'छप्पन्न' हा त्या घरातला खास शब्द होऊन बसला. डोकं न वापरता मान्य केलेली कुठलीही गोष्ट म्हणजे छप्पन्न. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून घेतलेला मिक्सर छप्पन्न. टीव्हीवर बघून केलेला उपास छप्पन्न. कुणी पुढारी फार जोरात बोलायला लागला की नलूकाकू आमटी ढवळता ढवळता आतून म्हणायच्या, "बंद करा ते छप्पन्न." मी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा छप्पन्न म्हणाले, तेव्हा त्याला वाटलं मी त्याच्या वयाबद्दल बोलते आहे.

फोनची कल्पनाही नलूकाकूंचीच. बऱ्याच वर्षांच्या प्रतीक्षेनंतर घरात फोन आला. अण्णा त्याच्याकडे नुसतेच कौतुकानं बघत बसले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरांना उत्तरं देत नाही ते नाही, निदान विचारायची सोय तरी ठेवा." तेव्हापासून खिडकीतल्या स्टुलावर फोन, शेजारी खुर्ची, पाठकोरे कागद आणि पेन्सिली. सहा वाजले की अण्णा खुर्चीत. एका कानाला रिसीव्हर, बाजाराचा गोंगाट ऐकू येऊ नये म्हणून दुसऱ्या कानात बोट.

उत्तर ते कधीच सांगत नसत. पहिला प्रश्न ठरलेला, "कुठवर आलास?" मग पोरानं कुठवर केलं ते सांगायचं. अण्णा हं हं करत ऐकणार. "पुढं काय करावं वाटतं?" एवढंच विचारणार. एकदा मला म्हणाले, "अर्धी पोरं सांगता सांगताच 'आलं, आलं' म्हणून ओरडतात आणि धाडकन फोन ठेवतात. आभारबिभार काही नाही. इतकं बरं वाटतं म्हणून सांगू!"

ह्या 'कुठवर आलीस'नं एकदा चांगलीच पंचाईत केली. नांदगावहून शाहीन नावाची एक मुलगी फोन करायची. वडील युनूसभाई शिंपी, फोन त्यांच्या दुकानातला. एक दिवस अण्णांनी "कुठवर आलीस?" विचारलं, आणि पलीकडून पुरुषी आवाज गरजला, "कौन बोलता रे? मेरी लडकी को पूछता कहाँ तक आई? वो कहीं नहीं आनेवाली!"

अण्णांचं हिंदी म्हणजे आनंदच. ते घाईघाईनं म्हणाले, "भाईसाब, गैरसमज नको. वो भागाकार में अटकी है."

"भाग? कौन भागेगा? हमारे घर की लडकी भागनेवाली नहीं है!"

शेवटी शाहीननंच फोन ओढून घेतला. "अब्बा, गणित का मास्तर है वो! भागाकार, भागाकार!" मागे शिलाई मशीन थांबलं होतं ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा कुठं अण्णांच्या जिवात जीव आला. युनूसभाईंचा मात्र पूर्ण विश्वास बसला नसावा. पुढच्या वेळी सुतं-बटणं घ्यायला नाशकात आले तेव्हा ते थेट पंचवटीत चढून आले, हा माणूस आहे तरी कसा ते बघायला. नलूकाकूंनी जेवायला बसवलं. जाताना त्यांनी अण्णांना वरपासून खालपर्यंत एकदा नजरेनं मोजलं, आणि महिन्याभरात पांढऱ्या हाफशर्टांचा गठ्ठा आला. मापाला तंतोतंत. खिशाशेजारी पेन्सिलीसाठी एक अरुंद कप्पा वेगळा शिवलेला. त्यानंतर अण्णांनी दुसऱ्या कुणाचा शर्ट अंगाला लावला नाही. शाहीन आता मनमाडला बँकेत आहे. अण्णा तिचा फोन आला की आधी विचारत, "अब्बांचं मशीन कसं आहे?"

हे सगळं ऐकून वाटेल, माणूस देवासारखा होता. तसं नव्हतं. हट्टी होता, आणि त्याच्या हट्टाची किंमत घरातली माणसं मोजत. सहा ते आठ ही वेळ जगातल्या सगळ्या पोरांची होती, फक्त शैलेशची नव्हती. तो काही विचारायला आला की अण्णा बोट ओठांवर ठेवत. एका संध्याकाळी फोन वाजला. "मी राजू बोलतोय," आवाज मुद्दाम जाड केलेला, "ओझरहून. मला लसावि येत नाही."

"बरं राजू. कुठवर आलास?"

राजूनं सांगितलं. अण्णांनी त्याच्याशी इतका वेळ बोलून लसावि काढून घेतला, की नलूकाकू दोनदा डोकावून गेल्या. शेवटी अण्णा म्हणाले, "शाबास. आता कोपऱ्यावरच्या पीसीओत फार वेळ उभा राहू नकोस. आणि येताना कोथिंबीर आण."

ही गोष्ट अण्णा हसत सांगत. शैलेशच्या तोंडून मी ती एकदाच ऐकली, आणि तो हसत नव्हता. "बाई, मी कोथिंबीर घेऊन आलो तेव्हा ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते," तो म्हणाला. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं. मला हे सांगितलं तेव्हा तो चाळिशीला आला होता आणि धंदा तोच बघत होता.

धंदा मात्र खाली खाली चालला होता. टाळेबंदीत फोन दिवसभर खणखणला, नंतर हळूहळू गप्प होत गेला. नलूकाकू त्याच काळात गेल्या. पोरं आता मोबाईलवर गणिताचा फोटो काढतात, आणि उत्तर पायऱ्यांसकट समोर येतं. दुकानदार पुस्तक हातात घेतल्या घेतल्या उलटं करून मागचं पान बघत. "उत्तरं नाहीत? मग कोण घेणार शैलेशभाऊ? मीठ नसलेली भाजी आहे ही." पुस्तकांचे गठ्ठे परत येऊन गोदामात पडत होते. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला 'उजळणी' हे नाव हवं होतं. नाव आणि पिवळं कव्हर घेणार, बाकीचं आमचं काही नको म्हणाले.

त्या दिवशी मी नवी प्रुफं द्यायला गेले होते. शैलेश वर आला, उभ्या उभ्याच बोलला. "अण्णा, खाली बाइंडिंगला पानं जुळवणाऱ्या बायका मला रोज विचारतात, पुढच्या सालाला काम आहे का. मी काय सांगू? ह्या वर्षी मागे उत्तरं छापू. नाही छापली तर पुढच्या वर्षी पुस्तकच नाही. मग मी पुण्याला हो म्हणतो."

"म्हणजे आपण आता छप्पन्न विकायचं," अण्णा म्हणाले.

"छप्पन्न का? पासष्ट छापू ना."

अण्णांनी पेन्सिल कानावरून काढून हातात घेतली. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी म्हटलं नव्हतं. मंजिरी चहा घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली. शैलेश खाली निघून गेला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला दोघांचंही पटत होतं.

तिढा सुटला तो मात्र फोनवर. त्यानंतर आठवड्याभरात एका बाईचा फोन आला. अंबडच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करणारी. अण्णांनी सवयीनं विचारलं, "बोल, कुठवर आलं गणित?" ती म्हणाली, "दादा, मला गणित नाय विचारायचं. पोरगं रोज वही दाखवतं. मी चौथीतून सुटलेली. बरोबर हाय का चूक, मला कळत नाय. मी आपली नुसती 'छान, छान' म्हणते. त्याला आता समजाया लागलंय की आईला येत नाय. उत्तर त्याला नका सांगू. मला सांगा."

अण्णांनी तिला उत्तर सांगितलं. त्या फोनवर सांगितलेलं ते पहिलंच उत्तर असावं. मला म्हणाले, "बाई, मी जन्मभर गणित सोडवणाऱ्या पोराचा विचार केला. वही तपासणारी आई माझ्या कधी डोक्यातच आली नाही." संध्याकाळी त्यांनी शैलेशला बोलावून सांगितलं, छाप उत्तरं. फक्त एक अट. प्रत्येक उत्तर ते स्वतः काढणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"अण्णा, बाईंकडे सगळी उत्तरं तयार आहेत," शैलेश म्हणाला.

"बाईंची बाईंपाशी राहू देत. माझ्या हातून पुन्हा छप्पन्न व्हायला नको."

आता ह्याला काय म्हणायचं? वय ऐंशीच्या पुढे, हृदय थकलेलं, डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केलेली, आणि हे गृहस्थ पाठकोऱ्या कागदांवर सहावीचा अभ्यास करत बसले. पुस्तकाची बाकीची पानं छापून खाली आली. शेवटची तेवढी अडून राहिली. छापखान्यातून रोज फोन. शैलेश वैतागून वर यायचा. पहिल्या दिवशी तो दारातूनच ओरडला, "अण्णा, कुठवर आलात?"

आणि तिथंच थबकला. मग अण्णाच हसायला लागले. "विचार, विचार. आता तुझी पाळी."

मंजिरी सांगते, त्यानंतर शैलेश रोज सहाला वर यायला लागला. आधी दारात उभा राहून विचारायचा. मग खुर्चीच्या हातावर टेकायला लागला. मग अण्णा त्याला सांगायचे, अपूर्णांक संपले, गुणोत्तर सुरू केलं, ह्या गणितात बाईंनी मेख मारून ठेवलीय बघ. मधेच फोन आला तर अण्णा रिसीव्हर उचलून म्हणत, "बाळ, थोड्या वेळानं कर हं. मुलगा बसलाय." मंजिरीनं हे मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

मी शेवटची गेले ती एका दुपारी. अण्णा खिडकीत बसले होते. युनूसभाईंच्या शर्टात आता दोन अण्णा मावले असते. शेकडेवारीच्या धड्यावर होते ते. एका गणितावर अडले होते, आणि ते गणित माझंच होतं. माझ्या तोंडापर्यंत उत्तर आलं.

"सांगू नका हं," न बघताच म्हणाले. "खवचट आहात तुम्ही, बाई. एवढंसं गणित, आणि त्यात दोनदा सूट."

"दुकानदार देतात तशीच दिलीय," मी म्हटलं.

"नलू असती तर म्हणाली असती, दुकान कुठं आहे ते सांगा." आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. मी थोडा वेळ बसले. निघताना दारातून वळून पाहिलं. पेन्सिलीचं टोक जिभेला लावून ओठातल्या ओठात आकडे पुटपुटत होते. मी "येते अण्णा" म्हटलं, तेव्हा मान वर न करता त्यांनी डावा हात नुसता हलवला. जिन्यात असताना वरून आवाज आला, "आलं!" मी तशीच खाली उतरले.

त्यानंतर चारच दिवसांनी, सकाळचा चहा घेता घेता ते गेले.

तेरावं झाल्यावर मी शेकडेवारीच्या पुढची सगळी उत्तरं नीट लिहून शैलेशच्या मोबाईलवर पाठवली. म्हटलं, छापखाना किती दिवस थांबणार. त्याचं उत्तर आलं, 'मिळाली बाई, धन्यवाद.' शाळा सुरू व्हायच्या आत पुस्तक आलं. मी बाकी काही न बघता दुकानदारांसारखंच ते उलटं केलं. मागे उत्तरं होती. अपूर्णांक, गुणोत्तर, प्रमाण, शेकडेवारी. माझ्या त्या खवचट गणिताचंही उत्तर होतं, बरोबर. आणि तिथं पान संपवलं होतं. सरळव्याज, सरासरी, क्षेत्रफळ, कशाचंच काही नाही. कोऱ्या जागेखाली तीच जुनी ओळ आणि तोच नंबर.

मी तडक पंचवटी गाठली. दुपारी उशिरा पोचले. शैलेश वरच होता, खिडकीशी. "अरे, मी पाठवली होती ना सगळी?" मी म्हटलं.

"हो, आहेत माझ्याकडे." तो म्हणाला, "दुकानदार बोंबलतायत, छपाई अर्धवट आहे म्हणून. पण नेतायत. अर्धी तरी उत्तरं आहेत म्हणून असेल." पुण्याचं काय झालं, ते मी विचारलं नाही. खाली जुळणीच्या बायकांची बडबड ऐकू येत होती.

मंजिरीनं चहा टाकला. आम्ही पीत असताना फोन वाजला. शैलेश त्याच्याकडे बघत राहिला. त्या फोनला त्यानं आयुष्यात कधी हात लावला नव्हता. मंजिरी उठायला लागली, पण तिच्या आधी त्यानंच उचलला.

"हॅलो... हो, उजळणीच... हो, नाहीत पुढची. नाही बेटा, पानं फाटलेली नाहीत, आणि छपाईची चूकही नाही." बाहेर बाजार भरायला लागला होता, त्यानं दुसऱ्या कानात बोट घातलं. "आमचे अण्णा तिथवरच आले होते."

पलीकडचं पोर काहीतरी बोललं. शैलेशनं पायानं खुर्ची ओढली आणि तो बसला.

"बरं, ते राहू दे. तू कुठवर आलीस?"

कागद समोर होते, पण पेन्सिल त्याला सापडेना. मी माझ्या पर्समधली काढून दिली.